गाळलेला भाग

“काका, तुम्ही असतात तर यातलं नेमकं कुठून कुठपर्यंत कापलं असतं?” पाळक तेंग यांनी विचारलं, आणि बिंगहायला उत्तर सुचलं नाही.

प्रश्न काही अवघड नव्हता. ज्या माणसाने तायपेईच्या टीव्ही केंद्रात, प्रक्षेपणाआधी नको ते गाळणाऱ्या तपासणीच्या खोलीत, उभी नोकरी काढली त्याला झोपेतून उठवून विचारला तरी त्याने सांगावं, असा. ताइनानच्या त्या चर्चच्या तळघरात बुधवारची प्रार्थना आटोपून सगळे खुर्च्या ओढून बसले होते, आणि वानजूने पडद्यावर रात्रीच्या एका मालिकेतला तुकडा लावला होता. वानजू बालवाडीत शिकवायची, दोन लेकरांची आई. मंडळीने टीव्हीवर लक्ष ठेवायला जो गट केला होता त्याचं बहुतेक काम तिच्याच अंगावर पडलेलं. तुकडा अगदी लहान होता. एका घराच्या स्वयंपाकघरात दोन पुरुष जेवायला बसलेत. एकाचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. दुसरा त्याच्यासाठी सबाही माशाचे काटे काढतोय. सबाहीचे काटे म्हणजे केसासारखे बारीक, शेवटी दुफाटलेले, मांसात कुठे कुठे शिरून बसलेले. ते काढायला दृष्टी लागते आणि बोटांना धीर. तो माणूस एकेक काटा बशीच्या कडेला ठेवतो, मऊ तुकडा दुसऱ्याच्या वाटीत सरकवतो आणि म्हणतो, “खा.” दुसरा खातो. बाहेर कुठेतरी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजतंय. बस, एवढंच.

“बघा ना, किती बेमालूम करतात,” वानजू म्हणाली. “मिठी नाही, काही नाही. एखादं वाईट दृश्य असतं तर मी पटकन बंद तरी केलं असतं. माझा मुलगा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, आई, यातले बाबा कोण? आता मी काय सांगायचं त्याला?” तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि बिंगहायला ती खरी वाटली.

त्याने सवयीने मनातल्या मनात फीत मागे नेली. वाईट नेमकं कुठून सुरू होतं? माशापासून? बोटांपासून? त्या ‘खा’पासून? पूर्वी हे त्याला अंगानेच कळायचं. मान जराशी आखडायची, उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर टेकायचं, आणि पलीकडचा माणूस यंत्र थांबवायचा. आता तो बोट टेकायची वाट बघत राहिला, आणि बोट मांडीवर स्वस्थ पडून राहिलं. “परत एकदा लावतेस का?” तो म्हणाला. परत लावलं. परत काटे, परत वाटी, परत ‘खा’. “विचार करून सांगतो,” तो म्हणाला.

“काका, तुम्हाला विचार करायची वेळ आली म्हणजे जमाना खरंच बिघडला,” पाळक हसत म्हणाले, आणि सगळेच हसले. बिंगहायही हसला. तेंग भला माणूस होता. बिंगहायची बायको इनहुई दवाखान्यात होती तेव्हा रोज सायंकाळी येऊन बसायचा, बोलायचा थोडं, पण उठायची घाई करायचा नाही. इनहुई गेल्यावर, मूलबाळ नसलेल्या या माणसाने घरात कोंडून घेऊ नये म्हणून त्यानेच पुढाकार घेऊन त्याला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा ज्येष्ठ, नेमलं होतं. आता तेंगने पुढचा बेत सांगितला. कोर्टाने निकाल दिलाच होता की दोन बायकांना, दोन पुरुषांनाही लग्न करता आलं पाहिजे. सरकार कायदा बदलणार होतं. त्याआधी जनतेचं मत घ्यायचं ठरलं होतं, लग्न एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच राहावं का म्हणून. मतदानाआधीच्या रविवारी उद्यानात मोठी सभा. टीव्हीवर काय चाललंय याबद्दल बिंगहायने बोलायचं. त्याच्या नोकरीमुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. “आणि आजींना आणायचं,” तेंग म्हणाले. “तुमचे वडील आणि त्या, जन्मभराचा संसार. एक नवरा, एक बायको. आपण त्यांच्या गळ्यात फुलांचा हार घालू. लोकांना डोळ्यांनी दिसू दे, परंपरा म्हणजे काय ते.”

“विचारतो तिला,” बिंगहाय म्हणाला.

स्कूटरवरून घरी जाताना वारा चेहऱ्यावर येत होता, दिवे लागायच्या आधीचा, जरा खारट. हवा अजून उन्हाळ्याचीच होती. सिग्नलला थांबला तरी डोळ्यांपुढून ती बशी जाईना. त्याला स्वतःचाच थोडा राग आला. त्या दोन पुरुषांबद्दल त्याला प्रेम वगैरे काही नव्हतं. खरं म्हणजे दोन पुरुषांनी एकमेकांशी संसार मांडायचा ही कल्पनाच त्याच्या डोक्यात नीट बसत नव्हती, जोडे उलटसुलट घातल्यासारखं व्हायचं. तरीही काय कापायचं हे सांगता आलं नाही, हे खरं. आणि त्याहून मागचं काहीतरी मनात हलत होतं, पाण्याखाली मासा वळावा तसं. दिसत नाही, पण पाणी गढूळ होतं. पूर्वी कापायला कारण लागायचं नाही असं थोडंच होतं? कारणं छापील असायची. समाजाची काळी बाजू. उमेद खचवणारं. चालीरीतींना बाधक. साहेब लाल पेन्सिलने संहितेच्या समासात खूण करायचे आणि बिंगहाय खाली जाऊन तेवढं गाळून यायचा. त्या दिवसांत लष्करी कायदा होता, आणि सरकारी भाषा नसल्याने आपल्या बोलीतल्या मालिकांना दिवसाकाठी तासभरच वेळ मिळायचा. त्यातही गाळगाळ होऊन काय उरेल ते. लोक तरीही जेवणं उरकून बसायचे. उरलेल्यातच गोष्ट शोधायचे.

एक मालिका त्याला आठवली. गोष्ट मत्स्यतळ्यांच्या गावातली होती. आपल्याच किनाऱ्यावरची वाटावी अशी. त्यात एक पोरगी होती, लहानपणी दुसऱ्या घरी देऊन टाकलेली. तिकडे तिने पोटच्या मुलीसारखं राबायचं, आणि मोठी झाली की त्याच घरच्या मुलाची बायको व्हायचं. वर्षाखेरीच्या रात्री, सगळं घर जेवून उठल्यावर, तिला त्याच्या खोलीत धाडणार. मांडव नाही, पाहुणे नाहीत, वेगळा खर्च नाही. तर ती पोरगी संध्याकाळीच मागच्या दाराने गाठोडं घेऊन निघते आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहते. पुढे बस येते आणि ती चढते. नटी नवखी होती. चढताना तिची चप्पल निसटली होती आणि तशीच, एका पायात चप्पल घालून, ती आत गेली होती. ते ठरवून केलेलं नव्हतं, चुकून झालेलं. बिंगहायला ते फार आवडलं होतं. साहेबांनी खूण केली: काळी बाजू. बिंगहायने बसचा थांबा, बस, चप्पल, सगळं गाळलं. दुसऱ्या दिवशीच्या भागात ती पोरगी सासूला चहा ओतून देत होती. त्या काळी प्रेक्षक असल्या उड्या निमूटपणे मारायचे.

पुढच्या वसंतात पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायला तो गावी गेला होता, तेव्हा आईने चुलीशी बसल्या बसल्या विचारलं होतं, “काय रे बिंग्या, त्या पोरीचं काय झालं? आदल्या दिवशी दाराबाहेर पडली होती ना ती? मग दुसऱ्या दिवशी चहा कुठून ओतायला लागली?” आणि तो म्हणाला होता, “बस चुकली असेल.” आईने फुंकणी खाली ठेवली. “हो,” ती म्हणाली, “तसंच असेल.” त्या वेळी त्याला एवढंच वाटलं होतं की बरं झालं, विषय संपला.

आई आता त्याच्याजवळच राहायची, ताइनानच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. गुडघे गेलेले, डोळ्यांत धुकं उतरलेलं, पण कान लखलखीत. तिचं नाव बोंगची. जुन्या काळी एकापाठोपाठ मुली झाल्या की कुणाला असं नाव मिळायचं. आलीच आहे तर पोसू कशीतरी, असा त्याचा अर्थ. तो घरात शिरला तेव्हा ती रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकत होती. तळी विकून कितीतरी वर्षं झाली होती, तरी थंडीची लाट येणार का हे तिला अजून रोज लागायचं. थंडी आली की सबाही तडफडून मरतात.

“उशीर केलास,” ती म्हणाली. “देवाने सोडलं नाही की पाळकाने?”

“पाळकाने.” त्याने पेज गरम केली, तिच्यापुढे ठेवली. मासा आज नव्हता. लोणच्यातलं आलं होतं आणि अंडं. मग त्याने सभेचं सांगितलं. उद्यान, स्टेज, फुलांचा हार. “तुझा आणि बाबांचा संसार लोकांना दाखवायचा म्हणतात.”

“कुठला संसार?”

“म्हणजे काय? तुमचा.”

“दादाचा आणि माझा होय,” बोंगची म्हणाली आणि चमच्याने आलं बाजूला सारू लागली.

ती वडिलांना दादा म्हणायची. शेवटपर्यंत म्हणायची, ते गेले त्या दिवशीही त्यांच्या पायाशी बसून “दादा, पायमोजे घालू का रे?” असं विचारत होती. लहानपणी बिंगहायला वाटायचं सगळ्याच आया सगळ्याच बापांना दादा म्हणतात. शाळेत गेल्यावर कळलं की नाही म्हणत, तेव्हा एकदा मुलांनी चिडवलं म्हणून तो रडत आला होता, आणि वडिलांनी त्याला काही न बोलता तळ्यावर नेलं होतं, होडीत बसवलं होतं. वडील कमी बोलायचे. आईशी तर फारच कमी. पण कधी हात उगारला नाही, कधी दुसऱ्या बाईकडे गेले नाहीत, जाळं टाकताना जशी मान खाली तशीच घरातही. दोघं एकमेकांना दुखवणार नाहीत अशी जपून चालायची, अरुंद बांधावरून समोरासमोर आल्यासारखी. हेच लग्न, असं बिंगहाय समजून चालला होता. पुढे इनहुईशी त्याचं लग्न झालं, आणि पहिल्याच आठवड्यात ती कसल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून त्याच्यावर मोठ्याने ओरडली आणि लगेच खोखो हसली, तेव्हा तो घाबरूनच गेला होता. घरात बायको अशी हसते हे त्याला ठाऊक नव्हतं.

“आई,” तो म्हणाला, आणि पुढचं कसं विचारावं ते त्याला कळेना. तळघरातला तो प्रश्न अजून जिभेवर असल्यासारखा वाटत होता, फक्त वेगळ्या चवीचा. “तुम्हा दोघांना... वर्षाखेरीच्या त्या रात्री... तुला आठवतं?”

“न आठवायला काय झालं.” तिने पेजेचा घोट घेतला. “जेवणं झाली. मी भांडी घासली. मोठी आई म्हणाली, आजपासून तू तिकडे झोप. मी म्हटलं, तिकडे तर दादा झोपतो. ती म्हणाली, तेच सांगतेय.” ‘मोठी आई’ म्हणजे तिची सासू, जिने वाढवलं तीच. “आत गेले. मागून कडी लागली. बाहेरून.”

“बाहेरून?”

“तर काय. आम्ही दोघांनी मिळून तळ्यावरून पळून जाऊ नये म्हणून असेल. किंवा एकेकट्याने.” ती जराशी हसली, दात नसलेल्या हिरड्यांनी. “तुझा बाप रडला रे. भिंतीकडे तोंड करून. मी नाही रडले. मी म्हटलं, रडू नको दादा, उद्या लवकर उठायचंय, नवं वर्ष आहे, लोक येतील. तो म्हणाला, बोंगची, मी काही केलेलं नाही हं. मी म्हटलं, ठाऊक आहे मला.” तिने वाटी पुढे केली. “आणखी थोडी वाढ. आज मीठ बरं पडलंय.”

त्याने वाढली. वडील रडले होते ही गोष्ट त्याच्या आत कुठे ठेवावी हेच त्याला कळेना. त्यांना त्याने कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि आता ते भिंतीकडे तोंड करून कायमचे रडत राहणार होते, पोरसवदा, दाढी न फुटलेले. किती वर्षं होऊन गेली. त्यातली कितीतरी त्याने स्वतः या दोघांच्या मध्ये बसून, जेवून, झोपून काढली. त्याला आईला त्या बसबद्दल सांगावंसं वाटलं, एका पायातल्या चपलेबद्दल. तोंडही उघडलं. पण ती रेडिओचा कान पिळत होती आणि म्हणत होती, “उत्तरेचा वारा आहे म्हणे परवापासून,” आणि ते राहूनच गेलं.

“मग सभेला यायचंय का तुला? नसेल तर मी सांगतो तसं.”

“हार खऱ्या फुलांचा आहे की कापडाचा?”

“खऱ्या फुलांचा असेल.”

“मग येते,” बोंगची म्हणाली. “माझ्या गळ्यात कधी पडलाय हार.”

रविवारी ऊन स्वच्छ होतं. उद्यानात वडाच्या पारंब्यांना गुलाबी फुगे बांधले होते, बाबागाड्या होत्या, शेवयांच्या गाड्यावर रांग होती. एखादी शाळेची सहल आली असावी असा सगळा आनंदी गलका. बिंगहायशी अनेकांनी हात मिळवला. याच लोकांनी इनहुईच्या शवपेटीला खांदा दिला होता, सणाला डबे पाठवले होते, आईच्या गुडघ्यांसाठी मलम आणून दिलं होतं. त्याच्या खिशात भाषणाचा कागद होता. वानजूने तो छान टंकून दिला होता, मोठ्या अक्षरांत. त्यात त्या दोन पुरुषांचा मासा होता आणि ‘आमच्या काळी’ हे शब्द पुन्हा पुन्हा होते. सकाळी आरशापुढे त्याने तो मोठ्याने वाचून पाहिला होता आणि कुठेही अडखळला नव्हता. म्हणूनच त्याला जास्त अस्वस्थ वाटत होतं. खोटं असं त्यात काही नव्हतं. फक्त कुणीतरी दुसराच माणूस, मान ताठ असलेला, त्याच्या आवाजात बोलत होता आणि त्या माणसाचं बोट टेबलावर टेकलेलं होतं.

स्टेजवर म्हातारी जोडपी बसवली होती. बोंगची एकटी होती, म्हणून तिच्या शेजारच्या खुर्चीवर वडिलांचा फोटो ठेवला होता. हार खऱ्या फुलांचा होता, पिवळ्या शेवंतीचा. तो गळ्यात पडल्यावर तिने आधी नाकाशी नेला, मग दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. पाळक तेंग तिच्यापुढे गुडघ्यावर बसले, आणि ते नाटक नव्हतं. म्हाताऱ्या माणसांशी ते नेहमी असेच खाली बसून बोलत. त्यांनी ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी धरला. “आजी, आजकाल लग्नं वर्षभर टिकत नाहीत. तुमचं जन्मभर टिकलं. या सगळ्या तरुण मंडळींना सांगा ना, काय गुपित होतं?”

बोंगचीने धुकट डोळे आवाजाच्या दिशेने वळवले. जरा विचार केला. प्रश्न विचारलाय तर नीट उत्तर द्यावं, असा तिचा चेहरा होता.

“दार बाहेरून लावलेलं होतं,” ती म्हणाली.

सगळं उद्यान हसलं. टाळ्या पडल्या. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली. शेजारच्या जोडप्यातले आजोबा मांडीवर थाप मारून बायकोला म्हणाले, “ऐकलंस? आपलं दार उघडं राहिलं ना, म्हणून तू माहेरी पळायचीस!” पाळकही मनापासून हसले. “आजी फारच मिस्कील आहेत,” ते म्हणाले. बोंगची हसली नाही. लोक का हसताहेत ते तिला कळलं नव्हतं, पण हसताहेत म्हणजे उत्तर बरोबर आलं असावं अशा समाधानाने तिने हार सरळ केला. बिंगहाय पायऱ्यांशी उभा होता. हसण्याची ती लाट त्याच्या अंगावरून गेली आणि त्याला आपल्या कानांत एकदम बहिरेपण आल्यासारखं वाटलं. समोर तोंडं उघडी होती, दात दिसत होते, आणि मधूनच काहीतरी गाळल्यासारखं सगळं पुढच्या दृश्याला जाऊन मिळत होतं. त्याला ते कौशल्य ओळखीचं होतं. फक्त या वेळी कापणारा कुणी नव्हता. एवढी माणसं आपण होऊन, हसत हसत, तेवढा भाग गाळून मोकळी झाली होती.

त्याचं नाव पुकारलं गेलं. तो पायऱ्या चढला. कागद काढला, उघडला. कागदावरची मोठी अक्षरं उन्हात चमकली. “माझी आई,” तो म्हणाला, आणि थांबला, कारण हे कागदावर नव्हतं. “माझ्या आईने आत्ता जे सांगितलं, ती थट्टा नाही. तिला लहानपणीच आणून ठेवलं होतं. वडिलांना ती भाऊ म्हणायची. त्या रात्री कडी बाहेरून लावली होती. दोघांपैकी कुणालाही विचारलं नव्हतं.” त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, काय, ते त्यालाच समजत नव्हतं. समोर एका बाबागाडीतलं मूल फुग्याकडे हात करत होतं. “एवढंच,” तो म्हणाला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आईला उठवलं, तिचा हात धरून हळूहळू खाली उतरला. कुणी ओरडलं नाही. कुणी अडवलं नाही. पियानोवर बसलेल्या बाईने थोडा वेळ वाट पाहिली आणि स्तोत्र सुरू केलं, आणि लोक उभे राहून गाऊ लागले. बोंगचीला ते स्तोत्र पाठ होतं. टॅक्सीच्या थांब्यापर्यंत ती ते गुणगुणत आली.

तेंग सोमवारीच घरी आले. चहा झाला. “काका, मला हे आधी सांगितलं असतंत तर आजींना मी स्टेजवर बसवलंच नसतं,” ते म्हणाले. “खरंच सांगतो. मला वाईट वाटलं. रात्री झोप लागली नाही.”

“मला तरी कुठे ठाऊक होतं सगळं.”

“पण काका, ते जुने दिवस. ती चाल तर बंद झाली, आणि चांगलंच झालं. त्याचा याच्याशी काय संबंध? आपण तर म्हणतो लग्न पवित्र आहे.”

“मीही तेच म्हणत आलो,” बिंगहाय म्हणाला. “चाल बंद झाली, ती कुणीतरी बदलली म्हणूनच ना? तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील, परंपरा मोडते म्हणून.” बोलून झाल्यावर त्यालाच नवल वाटलं, हे वाक्य त्याने आधी मनातही म्हटलेलं नव्हतं. “मी भांडत नाही, पाळकसाहेब. मला त्या दोघा माणसांचं आजही नीट कळत नाही. पण तुम्ही विचारलंत ना, काय कापाल म्हणून? मी पुष्कळ शोधलं. सापडत नाही.”

तेंगने मान हलवली. काही दिवस वडीलपदाच्या कामातून विश्रांती घ्यावी, असं त्यांनी सुचवलं. लोक दुखावलेत, थोडं निवळू द्यावं. बिंगहाय हो म्हणाला. दारात जोडे घालताना तेंग अडखळले आणि बिंगहायने त्यांचं कोपर धरलं. दोघांनाही जरा बरं वाटलं. पण ते गेल्यावर घर फार रिकामं झालं. रविवारची सकाळ, बुधवारची संध्याकाळ, त्या दोन खुंट्यांवरच त्याचा सगळा आठवडा टांगलेला होता. खुंट्या निघाल्यावर भिंतीवर नुसती भोकं राहावीत तसं झालं. तो गॅलरीत उभा राहिला. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. इनहुई असती तर काय म्हणाली असती? ती जन्मापासूनची विश्वासी, तिच्या आजोबांनी चर्चच्या विटा वाहिलेल्या. कदाचित ती खूप चिडली असती. कदाचित हसली असती. त्याने तिला असल्या गोष्टीबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात रांग वळसे घेत गेली होती. बोंगचीला डोळ्यांमुळे मदतीला घरचं माणूस नेण्याची परवानगी मिळाली. आडोशाच्या मागे बिंगहायने तिला एकेक कागद हलक्या आवाजात वाचून दाखवला. महापौरपदाच्या कागदावर तिने ठसठशीत ठसा मारला. मग तो लग्नाचा कागद आला. लग्न हे एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच असावं, याला तुमची संमती आहे का? आहे, नाही.

“आणि पोरीला विचारायचं, ते कुठल्या कागदावर आहे?” बोंगची म्हणाली.

“ते कुठल्याच कागदावर नाही, आई.”

“मग एवढे कागद छापले कशाला?”

“आजी, जरा हळू,” बाहेरून टेबलावरची बाई म्हणाली.

“हा राहू दे कोरा,” बोंगची म्हणाली, आणि आपल्या हातांनी चाचपडत त्याची घडी घातली.

तिला भिंतीशी, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवून तो आपले कागद घेऊन परत आत गेला. शिक्का हातात घेऊन उभा राहिला. रांगेतला कुणीतरी खोकला. सगळी नोकरीभर तो इतरांच्या वतीने हे नको, ते नको म्हणत आला होता, आणि त्यातलं एकही ‘नको’ त्याचं स्वतःचं नव्हतं. त्याने ‘नाही’वर ठसा उठवला. शाई ओली होती, ती वाळेपर्यंत थांबला, मग कागद पेटीत टाकला. बाहेर आला तेव्हा काही वेगळं वाटत नव्हतं. सायंकाळी टीव्हीवर आकडे येऊ लागले, आणि मंडळीच्या बाजूने भरभरून मतं पडल्याचं दिसलं, तेव्हाही त्याला फारसं नवल वाटलं नाही.

पण ते नंतरचं. दुपारी तो मतदानाच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा वानजू बोंगचीजवळ उभी होती. तीही मत द्यायला आली होती, धाकटी कडेवर. तिने म्हातारीला बाटलीतलं पाणी पाजलं होतं आणि आता तिच्या ब्लाऊजवर सांडलेलं रुमालाने टिपत होती. बिंगहायला बघून ती थोडी लाजली, थोडी कडक झाली.

“काका, तुमचं चुकलं असं मला अजून वाटतं,” ती म्हणाली. “पण रविवारी याल ना? तुमची जागा कुणी घेतलेली नाही. मीच पर्स ठेवते तिथे.”

“येईन,” बिंगहाय म्हणाला.

“आजींनाही आणा.”

“त्याला काय सांगतेस?” बोंगची खुर्चीतून म्हणाली. “मला विचार.”

वानजू गोंधळली. मग कडेवरचं मूल खाली ठेवून ती म्हातारीपुढे वाकली. “आजी, याल का?”

बोंगचीने हात मांडीवर ठेवले आणि ती विचार करू लागली. रांग पुढे सरकत होती, मूल तिच्या काठीशी खेळत होतं, वानजू आणि बिंगहाय दोघंही उभी होती. तिला काही घाई नव्हती.